भिंतीवरचा तवा

माझ्या मैत्रिणीने मला फसवलं. अठरा वर्षांच्या मैत्रिणीने, ओहायोतल्या एका वेल्श खेड्यात, शनिवारी भर दुपारी, मी लोखंडाची भट्टी बघायला गेले असताना. त्याच दुपारी तिने एका म्हातारीलाही फसवलं, पण त्या म्हातारीला ते अजून माहीत नाही. मला माहीत आहे आणि मला ते गिळता येत नाही.

मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावात ही हकिगत आता चार घरी चार तऱ्हांनी सांगितली जाते. एका घरी मी हावरट आहे, दुसऱ्या घरी तापट, तिसऱ्या घरी दोन्ही, आणि चौथ्या घरी 'एका साध्या तव्यावरून एवढं कशाला' असं म्हणून चहा ओतला जातो. तापट मी आहे, ते मी नाकारत नाही. पण तो साधा तवा नव्हता.

मी मूळची बार्शीची. माझी आई आठवडी बाजारात लोखंडी भांड्यांचं पाल लावायची. तवे, कढया, उलथणी, विळे. शाळेला सुट्टी असली की मी त्या पालावर बसायचे आणि माझं खरं शिक्षण तिथेच झालं. गिऱ्हाईकाने तवा उचलला आणि खाली ठेवायला जरा जास्त वेळ लावला, की आई भाव चढवायची. गिऱ्हाईक तोंडाने काहीही म्हणो, तवा त्याला हवा आहे हे तिला कळलेलं असायचं. त्यामुळे पुढे मी स्वतः गिऱ्हाईक झाले तेव्हा एक नियम पक्का होता. जी वस्तू हवी आहे ती पटकन खाली ठेवायची, तिला नावं ठेवायची, आणि ती आपल्याला कशासाठी हवी आहे हे मरेपर्यंत सांगायचं नाही.

लग्न होऊन मिशिगनला आले तेव्हा माझ्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. सहा वर्षं घरात बसून काढली. ग्रीन कार्ड हातात पडलं त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी पुरणपोळीच्या धंद्याचे कागद भरले. आज माझं भाड्याचं मोठं स्वयंपाकघर आहे, तीन बायका हाताखाली आहेत, आणि आसपासच्या बहुतेक देशी दुकानांच्या फ्रीजरमध्ये माझी पुरणपोळी असते. गूळवाल्याशी, डाळवाल्याशी, जागेच्या मालकाशी, फ्रीजर दुरुस्त करणाऱ्याशी मी भाव करते. अमेरिकेत भाव होत नाही असं जे आपले लोक सांगतात त्यांनी कधी प्रयत्नच केलेला नसतो. इथे गाडीचा भाव होतो, घराचा होतो, हॉस्पिटलच्या बिलाचा तर फोनवर होतो. फक्त त्याला भाव करणं म्हणत नाहीत आणि करताना हसत राहावं लागतं. मला ते हसणं अजून नीट जमत नाही.

तर तव्याचं. आईच्या पालावरचा एक बिडाचा तवा मी पहिल्यांदा येताना कपड्यांत गुंडाळून आणला होता. वीस-बावीस वर्षं त्याच्यावर घरची पोळी भाजली. दोन वर्षांपूर्वी ओल्या हातातून तो गॅरेजच्या फरशीवर पडला. बीड वाकत नाही, सरळ फुटतं. त्याचे दोन तुकडे झाले आणि मी दोन तुकड्यांसमोर बसून राहिले. मग दुसरा शोधायला लागले. इथल्या दुकानांतल्या तव्यांना काठ असतो, पोळी उलटताना उलथणं अडतं, आणि त्यांचा पृष्ठभाग वाळूच्या कागदासारखा असतो. पुण्याहून एक मागवला, तोही यंत्रातून निघालेला, हलका, दोन मिनिटांत मधोमध तापून कडेला थंड. विकायच्या पोळ्या मी मोठ्या इलेक्ट्रिक प्लेटवर करते, त्या चांगल्या होतात. पण घरी होळीला केलेली पोळी माझ्या मनासारखी झाली नाही, एकदाही नाही. गिऱ्हाइकांना फरक कळत नाही. नवऱ्यालाही कळत नाही. मला कळतो. दोन वर्षं मी सपाट, जाड, घासून घासून आरशासारखा झालेला, बिनकाठाचा बिडाचा तवा शोधत होते. हे माझ्या मैत्रिणीला माहीत होतं. ही गोष्ट लक्षात ठेवावी.

मैत्रीण पुण्याची. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे दुसऱ्याच्या चुका शोधायचा पगार घेते. वेल्सचं खूळ तिचं. कोणे एके काळी तिने कुठेतरी वेल्समधल्या एका खेड्याचा फोटो पाहिला, दगडी पूल, मेंढ्या, डोंगर, धुकं, आणि तेव्हापासून तो तिच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आहे. पण जायचं कसं? अठरा वर्षं झाली, तिचं आणि तिच्या नवऱ्याचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे. पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प कधीच संपलेला. देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत येण्याआधी स्टॅम्पिंगची अपॉइंटमेंट, ती मिळेपर्यंत नोकरी राहील की नाही याची काळजी. म्हणून सीमा न ओलांडता जे दिसतं तेवढंच त्यांनी पाहिलं आहे. नायगारा त्यांनी चार वेळा पाहिला, चारही वेळा अमेरिकेच्या बाजूने. कॅनडाच्या बाजूने तो जास्त छान दिसतो हे त्यांना प्रत्येक जण सांगतो. मीही सांगितलेलं आहे.

मागच्या उन्हाळ्यात तिने शोध लावला की ओहायोच्या दक्षिणेला एक अख्खा भाग जुन्या काळी वेल्सहून आलेल्या लोकांनी वसवलेला आहे. तिथे वेल्श चॅपल आहे, वेल्श म्युझियम आहे, वेल्श केक मिळतात.

"ताई, वेल्सच आहे गं," ती फोनवर म्हणाली. "फक्त स्टॅम्पिंग लागत नाही."

सप्टेंबरातल्या लेबर डेच्या लाँग वीकएंडला, शनिवारी पहाटेच आम्ही निघालो. मी आणि नवरा, ती आणि तिचा नवरा. त्याला मी भावजी म्हणते. अत्यंत सरळ माणूस, गाड्यांच्या ब्रेकचं डिझाइन करतो, आणि विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देण्याची खोड आहे. त्यांची मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, होस्टेलवर. तिने "हॅव फन इन फेक वेल्स" असा मेसेज पाठवून विषय संपवला. पाच-साडेपाच तासांचा रस्ता. दशम्या, शेंगांची चटणी, चिवडा बरोबर होता, आणि तरीही प्रत्येक रेस्ट एरियाला मैत्रीण "इथे कॉफी चांगली मिळते का बघू" म्हणत उतरत होती.

गाव म्हणजे एक रस्ता. रस्त्याच्या एका टोकाला पांढरं लाकडी चॅपल, दुसऱ्या टोकाला पेट्रोल पंप, आणि दोन्हीवर वेल्सचा लाल ड्रॅगनचा झेंडा. चॅपलच्या दारावर वेल्शमध्ये काहीतरी कोरलेलं होतं, ते वाचता येणारा माणूस गावात उरलेला नाही असं आम्हाला नंतर कळलं. म्युझियम बंद होतं. दारावर एका फोन नंबराची चिठ्ठी होती. फोन केला तर दहा मिनिटांनी एक गृहस्थ हात पुसत आले, बहुधा ट्रॅक्टरखालून, आणि कुलूप काढलं. आत बायबल, बुटांचे जोड, वीणेसारखं एक वाद्य आणि मिशावाल्या पुरुषांचे फोटो. मैत्रिणीने विचारलं, तुम्ही वेल्सला कितीदा जाऊन आलात?

"कधीच नाही," गृहस्थ म्हणाले. "तुम्ही?"

"आम्हीही नाही."

दोघांना फार बरं वाटलं. वेल्स न पाहिलेल्या माणसाने वेल्स न पाहिलेल्या बाईला वेल्स समजावून सांगितलं, तिने माना डोलावल्या आणि त्या एका झेंड्याचे निदान चाळीस फोटो काढले. माझा नवरा म्हणाला, आपल्या महाराष्ट्र मंडळाचंही पुढे असंच म्युझियम होणार. लेझीम, फेटा आणि ढोकळ्याचं पातेलं. ढोकळा आपला नाही म्हणून मी भांडले, पण मुद्दा बरोबर होता.

मग कॅफेत गेलो. तिथे ते वेल्श केक आले. केक नव्हेतच ते, तळहाताएवढ्या चपट्या गोड दशम्या, आत मनुका. मी एक उलटून पाहिला. तपकिरी ठिपके कडेपासून कडेपर्यंत सारखे.

"हे बिडावर भाजलेलं आहे," मी म्हणाले.

मैत्रीण म्हणाली, "ताई, तू सुट्टीवर आहेस."

वाढणाऱ्या बाईला विचारलं. हो, म्हणाली, लोखंडी बेकस्टोनवर, म्हणजे त्यांच्या तव्यावर. इथल्या प्रत्येक जुन्या घरात असतो, पण आता कुणी वापरत नाही. आणि चॅपलच्या तळघरात आज जुन्या वस्तूंचा सेल आहे, छपराच्या दुरुस्तीसाठी, चार वाजेपर्यंत. मी केक तसाच ठेवून उठले.

तळघरात दहा-बारा टेबलं होती. कोपऱ्यातल्या टेबलामागे ऐंशीच्या पुढची एक बाई फिक्या निळ्या स्वेटरमध्ये ताठ बसलेली. तिच्यासमोर दोन दिवे, एक घड्याळ, बटणांचा डबा आणि तो. गोल, जाड, बिनकाठाचा, वरून कमानीसारखी एक कडी. मी बोट फिरवलं. काच असते ना, तसा. शंभर वर्षं तरी त्याच्यावर भाजलेलं असणार. मी तो उचलला, आणि कबूल करते, खाली ठेवायला मला वेळ लागला.

"हे काय असतं?" मी विचारलं.

"बेकस्टोन. माझ्या आईचा, तिच्या आईचाही असेल. लोखंड इथल्याच भट्टीचं."

"मागे गंज आहे."

"माझ्याही मागे आहे, हनी. पुढची बाजू चालते."

भाव विचारला. ऐंशी डॉलर म्हणाली. मी वीस म्हणाले.

"विसात तुला तो उचलून परत खाली ठेवायला मिळेल," ती म्हणाली, "आणि ते तू आत्ताच करून झालीस."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. कितीतरी वर्षांनी मला माझ्या तोडीचं माणूस भेटलं होतं. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मी म्हणाले, हा जड आहे, घरी नेईपर्यंत गाडीचं टायर बसेल. ती म्हणाली, तुझ्याबरोबर दोन पुरुष आहेत, त्यांना चालवत ने. मी म्हणाले, कडी सैल आहे. ती म्हणाली, माझे दातही सैल आहेत, त्यांची किंमत दंतवैद्याने बरीच जास्त सांगितली. मैत्रीण माझ्या शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती.

मग म्हातारीने एकदम विचारलं, "घेऊन करणार काय याचं?"

इथे माझं चुकलं असं आता सगळे म्हणतात. पण मी तीस वर्षं ज्या नियमाने जगले त्या नियमाने उत्तर दिलं.

"काही नाही. भिंतीवर लावीन, शोभेला."

"स्वयंपाक करतेस?"

"छे. आमच्याकडे सगळं बाहेरून येतं."

तिचं हसणं गेलं. तव्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मग ऐंशीच."

मला वाटलं, ताणते आहे. बाजारात अशा वेळी एकच गोष्ट करायची असते, 'राहू दे मग' म्हणून पाठ फिरवायची आणि चालायला लागायचं. सातव्या-आठव्या पावलाला हाक येते. बार्शीत येते, पुण्याला तुळशीबागेत येते, डेट्रॉइटच्या बाजारात भाजीवाल्याकडूनसुद्धा मला आलेली आहे. मी निघाले. दारापर्यंत मी इतकी सावकाश गेले की नवऱ्याला वाटलं माझा पाय मुरगळलाय. हाक आली नाही. मागे वळून पाहणं म्हणजे हरणं. जिन्यावर मी ठरवलं, हरकत नाही, चारला सेल संपतो, साडेतीनला परत यायचं. बंद होणाऱ्या टेबलाला वस्तू परत घरी न्यायचा कंटाळा असतो. तेव्हा चाळीसला देईल. हे मी मोठ्याने सांगितलं, मैत्रिणीच्या देखत.

"तोवर आसपासचं बघून येऊ," मी म्हणाले.

"तुम्ही या जाऊन," मैत्रीण म्हणाली. "माझं डोकं दुखतंय. मी इथे बाकावर बसते."

जिच्या हौसेखातर आम्ही पाच तास गाडी हाकत आलो तिला काहीही बघायचं नव्हतं. मला तिथेच कळायला हवं होतं.

भट्टी जंगलात आहे. एखाद्या जुन्या देवळाचा कळस पडून नुसती बैठक उरावी तसा दगडी बुरूज, वर झाडं उगवलेली. जुने वेल्श लोक धर्माचे इतके पक्के होते की भट्टी रविवारी बंद ठेवायचे, असं तिथल्या पाटीवर लिहिलेलं होतं. भावजींनी त्या पाटीचा फोटो काढला. "मॅनेजरला पाठवतो," ते म्हणाले. मी त्या दगडांना हात लावून पाहिला. इथून निघालेलं लोखंड तिथे टेबलावर आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

नंतर छपराचा पूल पाहिला. लाकडी पूल, त्याच्यावर घरासारखं छप्पर. नवऱ्याने विचारलं, पुलाला छप्पर कशाला? तर भावजींनी लाकूड कसं कुजतं यावर वीस मिनिटं घेतली. मग एक टेकडी. टेकडीवरून नवरा म्हणाला, अगदी पन्हाळा. भावजी म्हणाले, छे, माळशेज. जगात कुठेही गेलं तरी आपल्या माणसांना एक तर पन्हाळा दिसतो नाही तर माळशेज, आणि मग ज्यासाठी आलो ते बघायचं राहतं. वेल्ससारखं आहे का हे कुणीच म्हणालं नाही. ते सांगू शकणारी बाई, माझ्या समजुतीप्रमाणे, डोकं धरून बाकावर बसली होती.

साडेतीनला मी तळघरात पोचले. टेबलावर दिवे होते, घड्याळ होतं, बटणं होती.

"तवा?"

"गेला," म्हातारी म्हणाली. "तुझ्याच मैत्रिणीने नेला. किती गोड बाई आहे. रोज भाकऱ्या करते म्हणाली, तिच्या मुलीला शिकवायच्यात. रडलीच बिचारी. मी पैसे घेतले नाहीत. तिने छपराच्या देणगीपेटीत काहीतरी टाकलं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला भिंतीसाठी हवं होतं ना? हा ड्रॅगनचा फोटो आहे, निम्म्या किमतीत देते."

मी बाजारात कधी खरं बोललेली नाही. त्या दिवशी बोलले. म्हणाले, पोळ्या मी करते. तोच माझा धंदा आहे. माझा तवा फुटला, दोन वर्षं शोधतेय.

"सकाळी तर तुमच्याकडे सगळं बाहेरून येत होतं."

मी बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग आहेत माझ्या, जुने, नवे, एकावर एक. तिने चष्मा लावून ते पाहिले. बराच वेळ पाहिले.

"हे सकाळी दाखवायचं होतंस, हनी," ती म्हणाली, आणि बटणांचा डबा आवरायला लागली.

गाडीत मैत्रिणीच्या पायाशी शालीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनेच सुरू केलं.

"ताई, तू सोडून आलीस ना? म्हणून मी घेतला. तुझा सौदा चालू असता तर मी हात तरी लावला असता का?"

तिने हे कुणा अमेरिकन बाईला सांगितलं असतं तर पटलं असतं. आपल्यात एक जण भाव करत असताना दुसऱ्याने छताकडे बघायचं असतं. पाठ फिरवणं म्हणजे सोडणं नव्हे, तो भावाचाच एक भाग आहे, आणि हे तिला पुरतं ठाऊक आहे. दर भारतवारीत, जेव्हा जायला मिळायचं तेव्हा, तुळशीबागेत ती क्लिपांच्या जोडासाठी तीन-तीनदा पाठ फिरवायची. मी सोबत होते, मी छताकडे पाहिलेलं आहे.

"आणि तू रोज भाकऱ्या करतेस?" मी विचारलं.

"करणार आहे आता."

पुढच्या सीटवरून भावजी म्हणाले, "अगं पण आपली शेगडी काचेची आहे ना? बीड ठेवलं तर काच तडकेल. मॅन्युअलमध्येच दिलंय."

त्यानंतर टोलेडोपर्यंत चिवडाही कुणी उघडला नाही.

दिवाळीला तिच्याकडे फराळ होता. जायचं नाही असं ठरवलं होतं, नवरा म्हणाला लोक काय म्हणतील, म्हणून गेले. दिवाणखान्यात शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर, फायरप्लेसच्या वर, तवा. त्याच्यावर खास छोटा दिवा सोडलेला. कडीला झेंडूच्या कापडी फुलांची माळ. आणि तवा चकाकत होता. मी जवळ जाऊन बोट लावलं. वार्निश. तिने त्याला वार्निश फासलं होतं. तीन पिढ्यांचं तेल मुरलेलं लोखंड, आणि त्याच्यावर दरवाज्याला लावतात ते वार्निश.

"गंजू नये म्हणून," ती मागून म्हणाली.

सगळ्या बायका "किती युनिक", "हेरिटेज पीस आहे यार" असं म्हणत करंज्या खात होत्या. मी जे बोलले ते सगळंच इथे लिहिण्यासारखं नाही. वर आलेल्या चार तऱ्हांच्या हकिगती त्या संध्याकाळपासूनच्या आहेत.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गप्प बसले असते. जानेवारीत मैत्रीण माझ्या स्वयंपाकघरात आली. दिवाळीनंतर पहिल्यांदाच. हातात एक पत्र होतं, निळ्या शाईने, हाताने लिहिलेलं. म्हातारीचं. पत्ता तिने त्या दिवशी घेऊन ठेवला होता. पहिली भाकरी कशी झाली, मुलीला जमायला लागली का, असं विचारलं होतं. आणि तव्यावर भाजत असतानाचा एक फोटो पाठव, चॅपलच्या हॉलमध्ये लावते, आमच्या भट्टीचं लोखंड अजून कुणाच्या तरी चुलीवर आहे हे मुलांना दिसू दे.

"ताई, चारच पोळ्या हव्यात," मैत्रीण म्हणाली. "फोटोपुरत्या. तव्यावर ठेवायच्या फक्त."

"तवा इकडे आण."

"अगं, तो गिफ्ट आहे. गिफ्ट कसं देणार?"

"तिला तू काय सांगून घेतलास?"

"आणि तू काय सांगितलंस?" ती म्हणाली. "मी नसते तर तूही चाळीसला खोटं बोलून तोच नेला असतास."

ते खरं आहे. फरक एवढाच की मी खोटं बोलून तो आगीवर ठेवला असता. तरी मी राग गिळला आणि तिच्यापुढे सौदा ठेवला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सरळ सौदा. तवा इथे आण. वार्निश मी जाळून, घासून काढते, महिना लागेल, मला येतं ते. पहिली पोळी त्याच्यावर तू लाटायचीस, मी भाजायची, त्याचा खरा फोटो पाठव. तवा माझ्या चुलीवर राहील. तुझी मुलगी सुट्टीला आली की तिला मी शिकवीन, एक पैसा न घेता, म्हणजे तू सांगितलेलंही निम्मं खरं होईल.

"विचार करून सांगते," ती म्हणाली. पुण्यात नाही म्हणायची ही पद्धत आहे.

आठवड्याने मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. जेवणाच्या टेबलावर तवा, त्याच्यावर पुरणपोळी, शेजारी तुपाची वाटी, मागे लाकडी पोळपाट. खाली तिने लिहिलं होतं, 'सेंट टू अवर वेल्श फ्रेंड'. लोकांनी हृदयं टाकली होती. मी फोटो मोठा करून पाहिला. कडेला पुरण किती येतं, पोळी कुठे दुमडली जाते, पाकिटात चौथी पोळी असली की तिच्यावर उरलेल्या तिघींचा कसा वळ उठतो, हे मला विचारावं लागत नाही. ती माझी पोळी होती. दुकानातून आणलेली, फ्रीजरमधली, माझ्या पाकिटातली, मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेली.

आता तो फोटो ओहायोतल्या त्या चॅपलच्या हॉलमध्ये लागला असेल. म्हातारी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असेल. बघा, म्हणत असेल, आमच्या आईचा तवा.

लोक मला सांगतात, म्हातारीला कळणार आहे का, मग सोडून दे. मी सोडणार नाही. तिच्या एका वस्तूसाठी दोन बायका तिच्याशी खोटं बोलल्या. त्यातली एक मी आहे आणि माझं मी तिला लिहून कळवायला तयार आहे, माझ्या सहीने. पण माझ्या मैत्रिणीचं खोटं मी लिहिणार नाही. ते तिने स्वतः लिहावं. तवा कुठे टांगलाय, त्याला काय फासलंय, फोटोतली पोळी कुणाच्या हातची, आणि मुलीला काय येतं ते. होळीच्या आत लिहावं. निळ्या शाईचं ते पत्र तिच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं आहे आणि त्यात सरळ प्रश्न विचारलेले आहेत. तिने त्या बाईला उत्तर द्यावं.